इंधनेश्वर महाराजांचा सिद्धदंड

चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या टोपात महाराजांनी मुळीची चिमूटभर पूड टाकली, हातातला जाडजूड काळा दंड आत घालून गोल फिरवला, अंगठा उचलून आशीर्वाद दिला, आणि माडवेळच्या शाळेच्या पटांगणात बसलेली दोन-अडीचशे माणसं एकदम पुढे सरकली. पाण्यावर तेल तरंगायला लागलं होतं. आधी बशीएवढं, मग परातीएवढं, मग टोपभर. महाराजांनी डावाने वरवरचं तेल काढून कळशीत ओतलं, ते निथळू दिलं आणि त्यांचा शिष्य महिपत याला खूण केली. महिपतने ते शेतपंपाच्या इंजिनात घातलं, हँडल फिरवलं. इंजिन दोनदा खोकलं आणि धडधडायला लागलं.

बायकांनी हात जोडले. मोहल्ल्यातली चार म्हातारी माणसं कपाळावर हात ठेवून बघत राहिली. पाण्याचं डिझेल झालं होतं, तेही गावच्या विहिरीच्या पाण्याचं.

"बाळांनो," महाराज म्हणाले, "पुष्पक विमान कशावर चालत होतं? रॉकेलवर? नाही. प्रत्येक वनस्पतीत अग्नितत्त्व झोपलेलं असतं. ऋषी त्याला हाक मारत. मीही हाक मारतो. इंग्रजीत याला बायोडिझेल म्हणतात, आपल्याकडे जैवस्नेह म्हणत. परदेशी लोकांनी फक्त नाव बदललं."

बायोडिझेल हा शब्द गावाला नवा नव्हता. ही गोष्ट दोन हजार सहा सालच्या जानेवारीतली. मोगली एरंडाच्या बियांपासून डिझेल काढायचं, पडीक जमिनी हिरव्या करायच्या, असं सरकारने मनावर घेतलं होतं. पंचायतीच्या भिंतीवर पोस्टर लागलं होतं, कंपन्यांची माणसं जीपमधून फिरत होती. कृषी सहायक गुरुप्रसाद याला माडवेळसाठी चाळीस एकराचं उद्दिष्ट मिळालं होतं. हा सरळ पोरगा घरोघर पत्रकं वाटून थकला होता. 'बी येणार कधी, गाळणार कोण, घेणार कोण' असं लोक विचारत, आणि पत्रकात त्याचं उत्तर नसे.

मग इंधनेश्वर महाराज आले. त्यांना बी लागत नव्हतं, घाणा लागत नव्हता. चिमूटभर मुळी, मंत्र आणि सिद्धदंड, बस. वाडीत ते महाराज होते. मोहल्ल्यात गेले की टोपी बदलून 'तेलवाले हकीमसाहेब' होत आणि 'हा नुस्खा बगदादहून आलेला आहे' असं सांगत. गुरुप्रसादला हे सगळं विचित्र वाटलं, पण महाराजांच्या सभेत लागवडीचे अर्ज आपोआप भरले जायला लागले, तेव्हा तो गप्प बसला.

महाराजांचं मागणं साधं होतं. मुळीची लागवड करायला गावाने आपला सडा, म्हणजे वरचं चाळीस एकर कातळरान, त्यांच्या सेवा मंडळाला तीस वर्षांच्या कराराने द्यायचा. सड्यावरची आधीची झाडं मात्र तोडायची, कारण दुसऱ्या झाडाच्या सावलीत अग्नितत्त्व मरतं. बदल्यात प्रत्येक घराला महिन्याला एक कॅन डिझेल, जन्मभर. येत्या रविवारी रत्नागिरीचे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर पुन्हा चमत्कार, आणि मग सह्या.

गर्दी पांगली तेव्हा एक बाई मात्र टोपाशेजारी कमरेवर हात ठेवून उभी होती. कनीज. तिला चमत्काराचं काही नव्हतं. टोप तिचा होता.

माडवेळपासून गणपतीपुळ्यापर्यंत कुठल्याही वाडीत लग्न असो, स्वयंपाकाला कनीज आणि भांडी कनीजची, हे ठरलेलं. पंधरा दिवसांवर खेडला एक लग्न होतं आणि तिच्या सगळ्यात मोठ्या टोपाला आता डिझेलचा वास मारत होता.

"महाराज, ह्या टोपात मी पुढच्या खेपेला बिर्याणी करू की ट्रक चालवू?" तिने विचारलं.

महाराज हसले. "माई, तुझा टोप पावन झाला."

पावन टोप घरी नेऊन कनीजने परसात चिंच आणि राख घेऊन घासायला काढला. घासता घासता तिच्या नखाला आतल्या काठाजवळ काहीतरी चिकट लागलं. पातळ पापुद्रा. एका अंगाने काळा, एका अंगाने पांढरा. तिने तो बोटांत चोळला. मेण.

ती मेणाकडे बघत बसलेली असतानाच गोदा आली. गोदाचं आणि तिचा नवरा केरू याचं घर वरच्या वाडीत. दोघी पंचवीस वर्षं एकमेकींच्या चुलीशी बसत आलेल्या. गोदाचे डोळे सुजले होते.

"केरूनं कोयता पाजळून ठेवलान," ती म्हणाली. "आयतवारी सह्या झाल्या की सांजेला काजू तोडतोय म्हणतो. चाळीस कलमं हायत गो माझी सड्यावर. चार उन्हाळे डोक्यावरून पाणी नेलंय त्यांना. आता मोहोर आलाय."

"तू काय म्हणालीस त्याला?"

"काय म्हणू? सगळा गाव बघतोय पाण्याचं डिझेल होताना. मीच एकटी पापी." गोदाने पदराने डोळे पुसले. "तू जवळ होतीस. खरं हाय काय ते?"

"मी टोप बघत होते," कनीज म्हणाली. "पण वास ओळखलाय. माझी सासू उंडीच्या तेलाचा दिवा लावायची. करंजाचं तेल तर आपण दोघींनी लावलंय गुरांच्या जखमांना. बियांच्या तेलाला बियांचा वास येतो. ह्या टोपाला झैनच्या अब्बांच्या सदऱ्याचा वास येतोय."

झैनचे अब्बा म्हणजे कनीजचा नवरा इद्रीस. मुलगा दुबईला, आणि इद्रीस आपली मच्छीमार होडी घेऊन समुद्रावर. डिझेल इतकं चढलं होतं की जाळ्यात काय येतं यापेक्षा टाकीत काय उरतं याची त्याला जास्त काळजी. महाराजांवर त्याचा जीव जडला होता.

रात्रीच्या जेवणाला कनीजने विषय काढला. इद्रीस चिडला.

"माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. आणखी काय पायजे?"

"डोळ्यांनी काय काय बघितलंत?"

"पाणी बघितलं. टोप बघितला. दंड फिरताना बघितला."

"पाणी आपलं, टोप आपला. मुळी चिमूटभर. चिमूटभर पुडीतून दोन लिटर तेल येईल कुठून? मी किलोभर तांदूळ शिजवते तेव्हा तीन किलो भात होतो, तो पाणी पिऊन होतो. तेल काय पिऊन फुगलं?" तिने त्याच्या ताटात भात वाढला. "म्हणजे महाराजांचं स्वतःचं असं एकच उरलं. दंड. तो तुम्ही बाहेरून बघितलात. आतून बघितलात?"

"बायकांना सगळ्यात खोट दिसते," इद्रीस म्हणाला आणि हात धुवायला उठला. पण जाताना त्याने एकदा मागे वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी गोदा आणि कनीजने ठरवलं की दंड आतून बघायचा. चोरी करायची नाही. भक्ती करायची.

शनिवारी दुपारी हकीमसाहेबांना कनीजकडे जेवायचं आमंत्रण गेलं. वाडीत महाराज दूध-केळ्यांवर राहत असत, पण हकीमसाहेबांना सुरमईचं वावडं नव्हतं. चार तुकड्या, दोन वाट्या सार आणि डोंगराएवढा भात जेवून ते इद्रीसच्या ओटीवर आडवे झाले आणि घोरायला लागले. त्याच वेळी समाजमंदिरात महिपत सिद्धदंडाची राखण करत बसला होता. तिथे गोदा पाच सवाष्णी घेऊन हजर झाली. हातात हळदीकुंकू, नारळ, खण.

"दंडाची ओटी भरायची हाय," गोदा म्हणाली. "माझ्या देवघरात. नवस बोललेय मी."

"दंड बाहेर नेता येत नाही," महिपत म्हणाला.

"का? देव आपणहून घरी येतो, आणि दंड येत नाय?"

मागच्या बायकांनी 'खरंच की' म्हटलं. महिपतने इकडेतिकडे बघितलं. महाराज असते तर सांभाळून घेतलं असतं. भक्तांना नाही म्हणायचं कसं, हे त्याला शिकवलेलं नव्हतं.

"तासाभरात आणा," शेवटी तो म्हणाला. "आणि ऐका. आडवा करायचा नाही. निखाऱ्याजवळ तर अजिबात न्यायचा नाही."

गोदाने दंड दोन्ही हातांनी उचलला आणि तिची पहिली शंका तिथेच खरी ठरली. लाकूड एवढं जड नसतं. आणि अग्नितत्त्वाचा दंड निखाऱ्याला कशाला भिईल?

हकीमसाहेबांना घोरत ठेवून कनीज तोवर गोदाच्या घरी येऊन पोचली होती. सवाष्णींना ओटीवर बसवून दोघी मागच्या पडवीत गेल्या. कनीजने दंडाचं खालचं टोक वर करून चाकूने खरवडलं. काळ्या रंगाखाली पांढरं मेण निघालं. मेणाचं बूच निघालं, तसा भपकन वास आला. दंड आतून पोकळ होता. गोदाने कॅन धरला, कनीजने दंड तिरका केला. धार लागली, पण मध्येच अडखळायची, पुन्हा लागायची. वरच्या पितळी टोपणाच्या कडेला सुईएवढं भोक होतं. त्यावरचं कनीजचं बोट बाजूला झालं की धार सुटायची, बोट बसलं की थांबायची. दोघींनी दोन-तीनदा करून बघितलं.

"म्हणून तो आशीर्वादाला अंगठा वर करतो," कनीज म्हणाली.

दीड-दोन लिटर स्वच्छ, पंपावरचं डिझेल कॅनमध्ये जमा झालं. गोदा भिंतीला टेकून खालीच बसली. "माझी कलमं ह्याच्यापायी जाणार होती," ती म्हणाली. मग उठलीच. "चल, आताच गावाला दाखवू."

"कुणाला दाखवशील? केरू म्हणेल, तुम्हीच भरलंत. झैनचे अब्बा म्हणतील, बायकांना खोट दिसते. चोरी पकडायची तर चोराच्या हातात असताना."

"मग पाणी भरून ठेवू. उद्या काहीच निघणार नाय."

"पाण्यात पाणी गेलं तर दिसणार काय? तो म्हणेल आज अमावास्या हाय, मुहूर्त चुकला. असं काहीतरी निघायला पायजे की आंधळ्यालाही कळेल." कनीजने फळीवर नजर फिरवली आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "गोदा, तुझं आगळ कुठं हाय?"

कोकमाचा मीठ घातलेला तो लालभडक रस गोदाने वर्षभराच्या सोलकढीसाठी साठवून ठेवला होता. जीव तुटत होता, तरी तिने दोन बाटल्या दिल्या. दंड भरला. मेणबत्ती वितळवून तिच्यात तव्याची काजळी कालवली, टोकाला बूच बसवलं, वरून हळदीकुंकू लावलं. सवाष्णींनी बाहेर आरती संपवली तेव्हा दंड न्हाऊनमाखून तयार होता.

रविवारी पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. रत्नागिरीचे साहेब, बियांपासून तेल काढणाऱ्या एका कंपनीचे प्रतिनिधी आणि घाबरलेला गुरुप्रसाद असे तिघे बसले होते. टेबलावर कराराचे कागद. समोर दोन्ही वाड्या आणि मोहल्ला. केरू पहिल्या रांगेत. कनीज आपल्या टोपाजवळ उभी, कारण तो तिचा होता आणि आता तो कुणी तिच्यामागे हात लावू नये, असं तिने बजावलं होतं.

पाणी उकळलं. महाराजांनी टोप उतरवायला लावला. अग्निदेवाला मान म्हणून, असं ते सांगत. खरं कारण आता दोन बायकांना माहीत होतं. पेटत्या चुलीवर डिझेल सोडायला तेही धजत नव्हते. मुळी पडली. दंड आत गेला. महाराज डोळे मिटून पुटपुटायला लागले आणि पाचव्या फेरीला त्यांनी अंगठा उचलून आशीर्वाद दिला.

टोपातून एक लाल रेघ उठली. मग दुसरी. मग सगळं पाणी लालगुलाबी झालं आणि पटांगणभर आंबट-खारट वास दरवळला.

महाराजांनी डोळे उघडले. पुन्हा मिटले. पुन्हा उघडले.

"कोप," ते खोल आवाजात म्हणाले. "धरतीमातेचा कोप. हे रक्त आहे. इथे कुणीतरी पापी उभा आहे."

पुढची माणसं मागे सरकली. कनीज पुढे झाली. तिने वाटी टोपात बुडवली, फुंकर मारली आणि शांतपणे एक घोट घेतला.

"मीठ कमी पडलं," ती म्हणाली. "बाकी आगळ गोदाचंच. नारळाचा रस घातला की सोलकढी होईल. साहेब, घेता थोडी?"

पहिली हसली ती सवाष्णींपैकी एक. मग मागची पोरं. मग हसू मोहल्ल्यातून वाडीत आणि वाडीतून मोहल्ल्यात फिरत राहिलं. साहेबांनी वाटी हातात घेतली, वास घेतला आणि रुमालाने तोंड झाकलं.

"ह्या बायांनी दंड विटाळला," महाराज ओरडले. "माझी सिद्धी भंगली."

"बरं, दंड राहू दे," कनीज म्हणाली. "दुसरा टोप आणते. पाणी तेच, मुळी तुमची, मंत्र तुमचा. फक्त डाव माझा घ्या. लग्नातला हाय, चारशे माणसांना पुरतो. ह्याने ढवळा आणि एक चमचा डिझेल काढून दाखवा. मग मी पहिली सही करते."

महाराज डावाकडे बघत राहिले. तो लोखंडी, भरीव डाव त्यांनी हातात घेतला नाही.

तेव्हा इद्रीस उठला. त्याने महाराजांच्या हातातून दंड काढून घेतला, उलटा करून खालच्या तोंडातून बादलीतलं पाणी भरलं आणि दंड सरळ केला. ते खालून पडलं. महाराज ठेवत तसा पितळी भोकावर अंगठा ठेवला, धार थांबली. अंगठा उचलला, धार सुटली. तीनदा करून त्याने दंड केरूच्या हातात दिला. केरूने आत डोळा लावून बघितलं आणि मान खाली घातली. गोदाने तोपर्यंत कालचा कॅन आणून टेबलावर ठेवला होता. पाचही सवाष्णींनी सांगितलं की दंड आला कसा, आणि गोदाने सांगितलं की निघालं काय आणि भरलं काय.

महिपत महाराजांच्या जीपकडे निघाला होता. बायकांनी वाट अडवली, तसा तो खाली बसला. "मी खेडला पंपावर कामाला होतो," तो म्हणाला. "डिझेल भरायचं काम माझं. बाकी सगळं त्यांचं."

गुरुप्रसादने टेबलावरचे कागद उचलून पहिल्यांदाच पूर्ण वाचले. तिसऱ्या पानावर त्याचा चेहरा उतरला. सेवा मंडळाला सड्यावर चिऱ्याच्या खाणी काढायची मुभा त्या पानावर लिहिलेली होती. झाडं तोडायची होती ती अग्नितत्त्वासाठी नव्हे, कातळ मोकळा करायला. दुपारी पोलीस आले आणि महाराज व महिपत त्यांच्याबरोबर गेले. फसवणुकीची तक्रार गोदाने दिली. अंगठा नाही, सही करून.

पण त्याआधी, माणसं उठायच्या बेतात असताना, इद्रीसने विचारलं, "म्हणजे झाडाचं डिझेल हे सगळंच थोतांड?"

"नाही," गुरुप्रसाद म्हणाला. "बियांत तेल असतं. ते गाळायचं, त्यातलं पाणी घालवायचं, मग त्यावर मद्यार्क आणि कॉस्टिकची प्रक्रिया करायची. खाली ग्लिसरीन बसतं, वर राहतं ते बायोडिझेल. त्याने इंजिन चालतं. मंत्र लागत नाही. पण बी लागतं, पोत्यांनी लागतं."

"मग माझ्या सड्यावर," गोदाने विचारलं, "जिथं डिसेंबरानंतर पाण्याचा थेंब नाय, तिथं एका झाडाला बी किती येईल?"

गुरुप्रसादने खिशातलं पत्रक काढलं. त्यात आकडा होता. चांगला घसघशीत. त्याने तो बघितला, मग साहेबांकडे बघितलं. कंपनीचे प्रतिनिधी हळूच म्हणाले, "सरासरी सांगून टाका."

"माहीत नाही," गुरुप्रसाद म्हणाला. "हा आकडा कातळावरचा नाही. कातळावर कुणी मोजलेलं मला ठाऊक नाही. आणि महाराज बोलत होते तेव्हा माझे अर्ज भरले जात होते, म्हणून मी त्यांना काही विचारलं नाही. ते चुकलंच माझं."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. कनीजने मात्र सरकारी माणसाकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

"मग मोजू की," ती म्हणाली.

तसंच ठरलं. काजूचं एकही झाड तोडायचं नाही. मोगली एरंडाची पन्नास रोपं कुंपणाला लावायची, कारण शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. तीन वर्षं बी वजन करून बघायचं. गोदाने लावली, गुरुप्रसाद दर हंगामाला तागडी घेऊन आला. तिसऱ्या वर्षी पन्नास झाडांचं मिळून बी भरलं सव्वासहा किलो. पत्रकातल्या आकड्याच्या जवळपासही नव्हतं. त्याने तेवढंच लिहून वर पाठवलं, एक शून्यही वाढवलं नाही. उद्दिष्ट अपुरं राहिलं म्हणून त्याला बोलणीही बसली. पण शेजारच्या तीन गावांनी ते वजन ऐकलं आणि आपापले काजू राखले. इद्रीस अजून पंपावरचंच डिझेल घेतो आणि महागाईला शिव्या देतो.

झाडाच्या बियांवर उद्या खरोखर होड्या चालतील, कदाचित तुमच्याच गावच्या. त्या दिवसाची वाट जरूर बघावी. मात्र कुणी पाण्याचं तेल, मातीचं सोनं किंवा पत्रकातलं पीक घेऊन दारात आला, तर त्याच्या पाया पडू नका आणि त्याला हाकलूनही देऊ नका. भांडं तुमचं द्या, डाव तुमचा द्या, तागडी तुमची लावा, आणि म्हणा, आता करून दाखवा. खरं असेल ते तुमच्या डावानेही ढवळलं जाईल.